सैनिकांना परत कोण बोलावतो?

शालेय विज्ञानात रक्ताचा पाठ आला की एक विधान हमखास येते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि पांढऱ्या पेशी शरीराचे सैनिक असतात. भिंतीवरच्या तक्त्यात या सैनिकांच्या हाती कधी भाला असतो, कधी बंदूक. समोर दात विचकणारे, काटेरी अंगाचे जंतू उभे असतात. मुलांना हे चित्र आवडते, लक्षात राहते आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. प्रस्तुत लेखात आम्हाला या चित्राची तपासणी करायची आहे. लहान मुलांना उपमा देऊन शिकवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमची तक्रार निराळी आहे. हेच चित्र मोठ्यांच्या, अगदी संशोधकांच्याही डोक्यात पक्के बसले आणि त्याने कित्येक वर्षे एकाच प्रकारचा प्रश्न विचारायला लावला. त्या प्रश्नापायी हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि हाती फारसे काही लागले नाही.

तपासणीसाठी आम्ही हृदयविकाराचा झटका हे उदाहरण घेतो. कारण उघड आहे. या आजारात पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने धावून जातात, पण तिथे शत्रूच नसतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रोहिणीत गुठळी अडकते. त्या रोहिणीवर विसंबून असलेल्या स्नायूचा प्राणवायू तुटतो आणि साधारण वीस ते चाळीस मिनिटांनंतर तिथल्या पेशी मरू लागतात. हे मरण हृदयाच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकत जाते. रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात पोचवण्याला एवढे महत्त्व आहे ते याचमुळे. माणसाच्या डाव्या जवनिकेत सुमारे दोन ते चार अब्ज स्नायुपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यांपैकी चौथा हिस्सा काही तासांत नष्ट होऊ शकतो. त्यांच्या जागी नव्या पेशी येत नाहीत म्हटले तरी चालेल. १९५०-६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसाच्या डीएनएत किती मिसळला, हे मोजून स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००९ साली या पेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी, असे त्यांना आढळले. गेलेला स्नायू एवढ्या गतीने भरून येणे शक्य नाही. त्या जागी फक्त वण तयार होऊ शकतो, आणि वण कसा तयार होतो यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. तो कच्चा राहिला तर जवनिकेची भिंत फुगते, क्वचित फाटते. प्रमाणाबाहेर वाढला तर हृदय ताठर होते.

आता पांढऱ्या पेशींकडे वळू. पेशी मरताना फुटते आणि तिच्या पोटातला ऐवज बाहेर सांडतो. त्यात ऊर्जेचा एटीपी असतो, केंद्रकातली प्रथिने असतात, तंतुकणिकांमधला डीएनए असतो. एरवी आत असणारे रेणू बाहेर दिसले, एवढी खूण शेजाऱ्यांना पुरते. (तंतुकणिका मूळच्या जिवाणूंच्या वंशातल्या. त्यांचा उघड्यावर पडलेला डीएनए पाहून शरीराला जिवाणूंचा भास होत असावा, असे काही अभ्यासक मानतात. शत्रूच्या उपमेला थोडाफार आधार मिळतो तो एवढ्यापुरता.)

रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन आधीच तयार करून पोटात साठवून ठेवतात. खूण मिळाली की काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येते. रक्ताबरोबर वेगाने वाहत जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतला सर्वांत मोठा गट, या प्रथिनाशी अडखळतात, सुटतात, पुन्हा अडखळतात. पुराच्या पाण्यात काठाच्या झुडपांना धरत धरत एखादा ओंडका जावा तशा त्या अस्तरावरून गडगडत जातात. वाटेत त्यांना अस्तरावर चिकटलेले केमोकाइन नावाचे रासायनिक निरोप भेटतात. निरोप मिळाला की पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिने आपला आकार बदलतात आणि पकड घट्ट होते. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तरातल्या दोन पेशींच्या सांध्यातून अंग आक्रसून बाहेर पडते. गडगडणे, थांबणे, बाहेर पडणे ही टप्प्याटप्प्यांची मांडणी १९९१ च्या सुमारास युजीन बुचर आणि टिमथी स्प्रिंगर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आली, आणि ती आजही टिकून आहे.

या मांडणीतली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक टप्प्यावर परवानगी लागते. सिलेक्टिन असेल पण केमोकाइन नसेल, तर पेशी थोडी गडगडून रक्तात परत जाते. म्हणजे हे नियंत्रण एका आज्ञेने होत नाही, कोणी सेनापती नाही. रक्तवाहिनीचे अस्तर, मेलेला स्नायू आणि खुद्द पेशी यांच्यातल्या बारीकसारीक देवघेवीतून ते घडते.

गुलाबाचा काटा

सैनिकाची उपमा आली कुठून? तिचे मूळ शोधत गेले की इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञापर्यंत पोचता येते. १८८२ च्या डिसेंबरात सिसिली बेटावरील मेसिना येथे ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. घरची मंडळी सर्कशीला गेलेली. त्यांच्या मनात आले की अळीच्या अंगात काही टोचले तर या फिरत्या पेशी त्याच्याभोवती जमतील. त्यांनी बागेतले गुलाबाचे काटे आणून टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. या कामाबद्दल त्यांना १९०८ साली पॉल अर्लिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात ही गोष्ट सांगताना सहसा सुटणारा मुद्दा असा की त्या प्रयोगात जंतू नव्हता, काटा होता. जंतूशी झुंज त्यांनी नंतर दाखवली, १८८४ साली, डॅफ्निया या पाणपिसवात शिरणाऱ्या बुरशीच्या बाबतीत. आणि या दोहोंच्या मध्ये, १८८३ साली, त्यांनी आणखी एका गोष्टीवर लिहिले होते. बेडकाच्या पिलाची शेपूट नाहीशी होताना अशाच भक्षक पेशी तिच्या स्नायूंचे तुकडे गिळतात, ही ती गोष्ट. शेपूट काही बेडकाची शत्रू नव्हे! मेचनिकॉफ यांनी स्वतः झुंजीची भाषा पुढे भरपूर वापरली, तेव्हा दोष सगळा नंतरच्या पाठ्यपुस्तककारांना देता येणार नाही. पण त्यांच्या तीन निरीक्षणांपैकी दोन डागडुजीची आणि सफाईची होती, आणि पुस्तकांनी उचलले ते तिसरे.

माणसातला असाच एक पुरावा फारसा कोणी सांगत नाही. काही थोडी मुले जन्मतः सीडी-१८ हे प्रथिन नसलेली किंवा सदोष असलेली असतात. हे प्रथिन म्हणजे वर सांगितलेल्या इंटिग्रिनचाच एक भाग. या मुलांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण त्या रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाहीत. मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि जखमेत पू होत नाही, हे सैनिकाच्या चित्रात बसते. परंतु डॉक्टरांच्या मनात बरेचदा पहिली शंका येते ती वेगळ्याच गोष्टीवरून. बाळाची नाळ एरवी एक-दोन आठवड्यांत वाळून गळते, ती या बाळांची तीन आठवडे उलटून गेले तरी गळत नाही. नाळेचा देठ सुटायलाही या पेशी लागतात.

थोपवण्याचे प्रयोग

झटक्यानंतर रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या वाढते, ही गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संख्या जितकी जास्त तितका रुग्णाचा पुढचा प्रवास खडतर, असेही अनेक पाहण्यांतून दिसले. यावरून, सैनिक चेकाळून आपल्याच घरावर गोळ्या झाडत आहेत, असा अर्थ काढणे सोपे होते. दुसरा अर्थ तितकाच सरळ होता. जिथे जास्त स्नायू मेला, तिथे जास्त पेशी बोलावल्या गेल्या. आगीच्या जागी बंब जास्त दिसतात म्हणून बंबांनी आग लावली असे कोणी म्हणत नाही. अर्थात न्यूट्रोफिल निरुपद्रवी असतात असेही नाही. त्यांच्याजवळची पाचक प्रथिने आणि प्राणवायूची तीव्र संयुगे शेजारच्या जिवंत पेशींनाही इजा करतात. तेव्हा शंका रास्त होती, पण तिच्यावर बांधलेला इमला घाईचा होता.

पहिला प्रयत्न स्टेरॉइडांचा. दाह शमवणारे हे औषध झटका आलेल्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. १९७६ साली मेथिलप्रेडनिसोलोनच्या एका छोट्या अभ्यासात ते अपायकारक ठरल्याचे प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९७४ साली, स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत वण भरायला उशीर होऊन जवनिकेची भिंत फुगल्याचे नोंदले गेले होते. पुढे २००३ साली अशा अनेक लहान चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा हा अपाय तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्हाला खटकते ते असे की 'वण भरायला उशीर' ही मिळालेली मोलाची खूण कोणी फारशी मनावर घेतली नाही. या पेशी तिथे काही बांधकामही करत असतील का, हा प्रश्न तेव्हाच विचारता आला असता.

१९८३ साली कुत्र्यांवरचा एक प्रयोग गाजला. रक्तातील न्यूट्रोफिल आधीच कमी करून मग करोनरी रोहिणी काही काळ बंद केली आणि पुन्हा मोकळी केली. मेलेल्या स्नायूचे क्षेत्र लहान निघाले. प्रयोग नीट केलेला होता, निष्कर्षही त्यापुरता बरोबर होता. पण मोजणी झाली ती काही तासांनी. वण तयार व्हायला माणसात कित्येक आठवडे लागतात. सहाव्या तासाला काढलेला फोटो पाहून सहाव्या आठवड्याबद्दल काय बोलणार? घरातली मंडळी पाडकाम करताहेत एवढेच पाहून त्यांना बाहेर काढले, तर पुढे भिंत कोण बांधणार, हे त्या फोटोत दिसत नाही.

तरीही वाट तीच धरली गेली. सीडी-१८ला अडवणारी प्रतिपिंडे तयार झाली. २००१ आणि २००२ साली अशा दोन वेगवेगळ्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निकाल आले, प्रत्येकीत चारशेच्या आसपास रुग्ण. मेलेल्या स्नायूचे क्षेत्र काही कमी झाले नाही. मग दाहाच्या साखळीतील 'पूरक' प्रथिनांना रोखणाऱ्या पेक्सेलिझुमॅब या औषधाची मोठी चाचणी झाली. तिच्यात ५,७४५ रुग्ण होते. २००७ साली जाहीर झालेल्या निकालानुसार मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही.

या अपयशाची कारणे अनेक सांगितली गेली. औषध पोचायला उशीर झाला असेल, कुत्र्याचे हृदय आणि माणसाचे हृदय यांत फरक आहे, रुग्णांना इतर औषधे चालू होती. ही सगळी कारणे खरी असू शकतात. आमच्या मते एक कारण या यादीत सहसा नसते, ते म्हणजे प्रश्नच अर्धा होता. सैनिक म्हटले की मनात दोनच प्रश्न येतात. तो आपल्या बाजूचा की विरुद्ध? त्याला येऊ द्यायचे की थोपवायचे? तो आल्यावर तिसऱ्या दिवशी काय करतो आणि केव्हा जातो, हे विचारायचे सुचत नाही.

हे प्रश्न विचारले गेले तेव्हा चित्र पालटले. २००७ साली उंदरांच्या इजा झालेल्या हृदयातून मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, औषधाने कमी करून पाहिल्या. मेलेला स्नायू साफ होईना, वण नीट बनेना आणि अधिक उंदीर मेले. २०१७ साली उंदरांतील न्यूट्रोफिल कमी करण्यात आले आणि या वेळी अभ्यासकांनी दिवसांची वाट पाहिली. हृदयाचे काम बिघडले, तंतुमय वण वाढला. न्यूट्रोफिल स्रवतात त्या एका प्रथिनामुळे महाभक्षक पेशी दुरुस्तीच्या कामाकडे वळतात, असे त्यातून निघाले. ज्याला गुन्हेगार ठरवले होते तोच मुकादमाला निरोप देत होता!

येणे, बदलणे, जाणे

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मथायस नारेनडॉर्फ, फिलिप स्विर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात फार चांगले काम केले आहे. त्यांच्या कामावर टीका करताना आम्हाला त्याबद्दलचा आदर लपवायचा नाही. २००७ साली त्यांनी दाखवले की उंदराच्या हृदयात झटक्यानंतर मोनोसाइट पेशी दोन लाटांनी येतात. पहिल्या तीन-चार दिवसांतल्या पेशी मेलेला भाग पचवून साफ करतात. त्यानंतरच्या पेशी नव्या केशवाहिन्या आणि कोलॅजेनचे तंतू तयार होण्यास मदत करतात. दोन्ही लाटांना बोलावणारे निरोप वेगळे असतात. २००९ साली त्यांनी सांगितले की या मोनोसाइटचा मोठा साठा प्लीहेत असतो आणि झटक्यानंतर अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या इशाऱ्याने तो बाहेर पडतो. ज्या अवयवाला पाठ्यपुस्तकात 'तांबड्या पेशींचे स्मशान' एवढीच ओळख मिळते, त्याचे हे नवे काम. प्लीहा काढलेल्या उंदरांत वण नीट भरला नाही.

या दुसऱ्या निबंधाच्या शीर्षकातच सैन्याच्या 'तैनाती'चा शब्द आहे. शब्दाला आम्ही उगाच धरून बसलो आहोत असे कोणाला वाटेल. पण पाहा, 'दोन लाटा' या मांडणीतही दोन वेगळ्या तुकड्यांची कल्पना दडलेली होती. एक तोडणारी, एक जोडणारी. वृत्तपत्रांनी आणि काही परीक्षण-लेखांनी तर त्यांना सरळ 'वाईट' आणि 'चांगल्या' पेशी करून टाकले. मग २०१४ साली याच वर्तुळातून आलेल्या अभ्यासाने सांगितले की उंदराच्या हृदयातील दुरुस्ती करणाऱ्या महाभक्षक पेशी बऱ्याच अंशी पहिल्याच प्रकारच्या मोनोसाइटपासून झालेल्या असतात. एका जनुकाच्या नियंत्रणाखाली पेशी आपले काम बदलते. ते जनुक नसेल तर पाडकाम चालूच राहते. म्हणजे वाईट पेशी वेचून काढाव्यात तर त्यांच्याबरोबर चांगल्याही जातात, कारण त्या उद्याच्या चांगल्या पेशी आहेत.

हा बदल घडवते काय? एक ठळक कारण फार साधे आहे. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. आलेले न्यूट्रोफिल तिथेच मरतात आणि महाभक्षक पेशी त्यांना गिळतात. मेलेली पेशी गिळणे हाच महाभक्षक पेशीला निरोप असतो. ती दाह वाढवणारे रेणू बनवायचे थांबवते आणि दाह शमवणारे, तंतू विणायला लावणारे रेणू बनवू लागते. काम संपल्याची बातमी कामाच्या उरकण्यातूनच मिळते, वरून हुकूम येत नाही. दाह शमणे म्हणजे नुसते विझून जाणे नव्हे, त्यासाठी शरीर खास रेणू तयार करते, हे चार्ल्स सेऱ्हान यांच्या संशोधनामुळे आता सर्वमान्य आहे.

आणि सगळे एवढे धावपळीचे असते की उंदराच्या मेलेल्या स्नायूत एक मोनोसाइट सरासरी वीसच तास राहतो, असे २०१२ साली मोजले गेले. रोज नव्या पेशी यायला हव्यात, म्हणजे नळ चालू असतो आणि मोरीही. साचलेले पाणी किती, हे दोन्हींवर ठरते. आजवरची औषधे नळ बंद करू पाहणारी होती, मोरीचा विचार नुकताच सुरू झाला आहे.

नळ जास्त दिवस चालू राहिला तर काय होते, याचे उत्तरही २०१२ सालचेच आहे. उंदरात झटक्यानंतर चेतासंस्थेच्या इशाऱ्याने अस्थिमज्जेतील मूळ पेशी प्लीहेत जाऊन पांढऱ्या पेशी बनवत राहतात, आणि त्या दूरच्या रोहिण्यांतील मेदाच्या थरांत शिरून ते थर वाढवतात. एक झटका आलेल्या माणसाला दुसऱ्याचा धोका का अधिक असतो, याचा एक धागा इथे असू शकेल. उलट २०२४ साली असे दिसले की झटक्यानंतर काही मोनोसाइट उंदराच्या मेंदूत जातात, त्यांच्यामुळे झोप वाढते, आणि त्या झोपेमुळे हृदयाकडे जाणाऱ्या पेशींचा ओघ आवरला जातो. आजारपणात गाढ झोप लागली की बरे वाटते असे आपली आजी सांगते. तिला मोनोसाइटची गरज पडली नव्हती, हे सोडून द्या.

उंदरांबद्दल मात्र सावध राहावे. त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सहाशेच्या आसपास असतात, वण दोनेक आठवड्यांत तयार होतो. प्रयोगातील उंदीर बहुधा तरुण, निरोगी आणि एकाच वंशाचे. रोहिणी कायमची बांधून टाकलेली. आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, धूम्रपान केलेला, आणि त्याची रोहिणी फुग्याने उघडून दिलेली. झटक्यानंतर वेगवेगळ्या मोनोसाइटची संख्या वेगवेगळ्या दिवशी वर जाते हे माणसाच्या रक्तातही दिसले आहे, तेव्हा साम्य आहे. पण दिवसांचा हिशेब जसाच्या तसा उचलता येत नाही. प्रबंधाच्या शेवटी लिहायच्या या मर्यादा पत्रकार परिषदेत गळून पडतात.

माणसावरच्या नव्या चाचण्या त्यामुळेच वाचण्याजोग्या आहेत. २०१७ साली कॅनाकिनुमॅब या प्रतिपिंडाची चाचणी जाहीर झाली. पूर्वी झटका येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण तिच्यात होते. इंटरल्यूकिन-१-बीटा या एकाच निरोपाला अडवणाऱ्या या औषधाच्या मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक राहिला नाही. सैनिकाची उपमा वापरणाऱ्यांनी येथे मान डोलवावी, कारण खरा शत्रू आल्यावर पहारा कमी पडला. तो त्यांचा हक्कच आहे.

दुसरे औषध कोल्चिसिन. ते पेशीच्या आतील सूक्ष्मनलिका मोडते आणि त्यांच्यावाचून न्यूट्रोफिलला नीट सरपटता येत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणाकुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते आणि ते जहाल विषारी आहे, मुलांना हात लावू देऊ नये. संधिवाताच्या एका प्रकारावर हे औषध फार जुने. २०१९ साली ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर महिन्याभरात ते सुरू केले असता एकत्रित दुर्घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. बातम्या मोठ्या आल्या. आकडे उलगडून पाहिले तर हा फरक मुख्यतः पक्षाघात आणि छातीत दुखून तातडीने रुग्णालयात दाखल होणे यांतला होता. मृत्यू आणि नवे झटके यांत खात्रीचा फरक नव्हता. २०२४ साली सुमारे सात हजार रुग्णांची चाचणी झाली. औषध झटक्यानंतर लवकर सुरू केलेले होते. दुर्घटना ९.१ टक्के, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत ९.३ टक्के. म्हणजे फरक नाही. एकच औषध, दोन चाचण्या, दोन उत्तरे. कोणत्या पेशीला, कोणत्या दिवशी, किती काळ अडवायचे हे ठरवल्यावाचून केवळ 'दाह कमी करा' म्हटले की असे होते, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

मग वर्गात सांगायचे काय? गवंडी म्हणावे तर तो पाडकाम करताना शेजारच्या भिंतीला धक्का देतो, हे सांगावे लागेल. सफाई कामगार म्हणावे तर बांधकाम राहून जाते. शिवाय निरोगी हृदयात गर्भावस्थेपासून मुक्कामाला असलेल्या महाभक्षक पेशी आहेतच. त्यांतील काही स्नायुपेशींना चिकटून हृदयाच्या विद्युत्‌संदेशाला वाट करून देतात, असे २०१७ साली दिसले. वीज नेणारा सैनिक कोणत्या तक्त्यात काढणार? आम्हाला वाटते उपमा एकच ठेवू नये. सैनिक राहू द्यावा, आणि त्याच तासाला बेडकाच्या शेपटीचे आणि बाळाच्या नाळेचे उदाहरण द्यावे. कोपर खरचटलेल्या विद्यार्थ्याला रोज आपल्या जखमेची नोंद ठेवायला सांगावे. लाली केव्हा आली, सूज केव्हा उतरली, खपली केव्हा धरली, केव्हा पडली. नोंदीच्या शेवटी एकच प्रश्न लिहायला द्यावा. पहिल्या दिवशी आलेल्या पेशी दहाव्या दिवशी कुठे आहेत? दहावीच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. आमच्या पुस्तकांतही ते अपुरेच आहे.